काडीभर तूप

मी सोमेश्वर गुरुजी. पालीच्या जिल्हा परिषद शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. एवढ्या काळात सरपंचापासून केंद्रप्रमुखापर्यंत कोणाची भीड ठेवली नाही, त्यामुळे निवृत्त झाल्यावर माझ्या ओट्यावर गप्पा मारायला कोणी फिरकत नाही. मला त्याचं काही वाटत नाही. पुढं जे सांगायचं आहे त्यात माझीच अब्रू जाणार आहे, म्हणून ती आधी किती होती ते सांगून ठेवलं.

संस्कृती माझी विद्यार्थिनी. आईबाप ऊसतोडीला जाणारे. ही थोरली, आजीपाशी गावात राहून शिकली. बाप ती दहावीत असताना गेला. आई बायनाबाई, धाकटा भाऊ अंगद. सातवीत असताना पाणी तापवून दर दोन मिनिटांनी तापमान लिहायचा प्रयोग होता. त्या दिवशी शाळेतला स्पिरिटचा दिवा पेटलाच नाही. तरी हिच्या वहीत आकडे सुरेख चढत गेलेले! मी पान फाडलं आणि वर्गासमोर सांगितलं, "जे डोळ्यानं बघितलं नाही ते वहीत लिहायचं नाही." पोरगी हमसून हमसून रडली. पुढं ती जर्मनीला गेली, डॉक्टर झाली, आणि प्रबंधाच्या पहिल्या पानावर तिनं हेच वाक्य मराठीत छापलं. खाली माझं नाव. त्या पानाची झेरॉक्स मी चौकटीत घालून बैठकीत लावली. "देव्हाऱ्यातच ठेवा की," असं आमची केसरबाई म्हणाली. बायकोच्या असल्या बोलण्याकडं मी लक्ष देत नाही.

संस्कृती तिकडं काय करते ते मी गावात शंभर वेळा सांगितलं आहे, इथं एकदाच सांगतो. जमिनीखाली साडेतीन किलोमीटर लांब भुयार आहे. त्यातून इलेक्ट्रॉन पळवतात आणि शेवटी त्यांना नागमोडी वाटेनं नेतात, की क्ष-किरणांचे झटके निघतात. आपल्या दवाखान्यातल्या एक्स-रेच्या लाटा म्हणजे बाजारची गर्दी, जो तो आपल्या पायानं चालतो. या लाटा मात्र सव्वीस जानेवारीच्या लेझीम पथकासारख्या, सगळ्या एका पावलावर. म्हणून त्यांना सुसंगत म्हणायचं. झटका किती वेळ टिकतो? एका सेकंदाचे दहा लाख तुकडे करा, त्यातला एक उचलून त्याचे पुन्हा शंभर कोटी करा. असले थोडेसेच तुकडे. तेवढ्यात समोरून धुळीचा एक कण उडत जातो, झटका त्याच्यावर आदळतो आणि किरण विखुरतात. मागच्या पडद्यावर नुसते ठिपके आणि कडी उमटतात. भिंग नाही, काही नाही. त्या ठिपक्यांवरून उलटं गणित करून संगणक कणाचा आकार काढतो. गोम एवढीच, की पडद्याला किरण किती पडले ते कळतं, कोणत्या पावलावर पडले ते कळत नाही. ते पाऊल संगणकाला हजारदा चुकत, सुधारत हुडकावं लागतं.

आणि कण? त्याच्या चिंधड्या होतात. पण चिंधड्या व्हायला जो वेळ लागतो त्याच्या आत फोटो निघालेला असतो. फोटो राहतो, कण राहत नाही. हे लक्षात ठेवा, पुढं प्रश्न येणार आहे.

मागच्याच्या मागच्या दिवाळीनंतर तिचा फोन आला. "सर, मला कोपीतल्या चुलीची काजळी पाहिजे."

कोपी म्हणजे ऊसतोड्यांची झोपडी. आत तीन दगडांची चूल, आणि जळण बहुतेक उसाच्या वाळल्या पाचटाचं. संस्कृतीचा जन्म असल्याच एका कोपीतला. ती म्हणाली, "आये तीस वर्षं तो धूर खाती, सर. त्यात नेमकं काय असतं ते मला एकेक कण बघायचंय." दोन वर्षं रांगेत थांबून तिला त्या भुयारातले पाच दिवस मिळाले होते, एप्रिलमधले. त्यात जे दिसेल ते जून महिन्यात मोठ्या परिषदेत मांडायचं, आणि त्यावर तिथली पाच वर्षांची नोकरी ठरणार. नाही जमलं, तर वर्षाच्या कराराची कटकट पुन्हा सुरू.

तिनं सगळं नीट लिहून पाठवलं. काचेच्या आठ पट्ट्या आणि तीन छोट्या बाटल्या. चुलीशेजारी तीन दिवस बसायचं, जाळाच्या हातभर वर पट्टी धरायची, जमलेली काजळी खरवडून बाटलीत भरायची, बाकी कशाचाही स्पर्श होऊ द्यायचा नाही. शेवटी एक अर्ज होता. त्यात छापलं होतं, "नमुना मी स्वतः गोळा केला आहे. त्यात बाहेरचं काहीही मिसळलेलं नाही." खाली सही.

जानेवारीत मी दोन एसट्या बदलून गेलो. बायनाबाई आता कोयता धरत नाही. अंगद आणि त्याची बायको ऊस तोडतात, ही मागं स्वयंपाक करते, नातवंडं सांभाळते. कारखान्यामागच्या माळावर त्यांच्या टोळीच्या वीसेक कोप्या होत्या. मला बघून बाईनं पोत्याची घडी टाकली, चहा ठेवला.

तीन दिवस बसायचं होतं. मी अडीच तास बसलो.

धुरानं डोळे चुरचुरायला लागले. गुडघा मांडी घालू देईना. पट्टी कशी धरायची ते मी बायनाबाईला दाखवलं, "यात काही घालू नका," असं दरडावलं, आणि चारची गाडी गाठली. कशासाठी, कोणासाठी, फोटो कसा निघणार, एक अक्षर सांगितलं नाही. गावभर शंभर वेळा सांगितलेलं, पण जिच्या चुलीपुढं बसलो होतो तिला एकदाही नाही. पोरीला काजळी पाहिजे, एवढंच म्हणालो. याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात, आणि मी वर्गात हा वाक्प्रचार फार जोरात शिकवत असे.

पाचव्या दिवशी अंगदनं बीडच्या स्टँडवर तिन्ही बाटल्या आणून दिल्या. मी तिथंच एका बाकड्यावर बसून अर्ज काढला आणि झोकात सही ठोकली. पार्सल गेलं.

एप्रिल गेला. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, टोळ्या गावी परतल्या. मे महिन्याच्या मधल्या एका रविवारी संस्कृतीनं मला आणि बायनाबाईला एकत्र बोलावलं, म्हणजे माझ्या बैठकीत, माझ्या लॅपटॉपसमोर. बायनाबाई धुतलेलं लुगडं नेसून आली होती. ती खुर्चीवर बसेना, शेवटी केसरबाईनं तिला दामटून बसवलं.

पोरीचा चेहरा नुसता फुलला होता. तिनं पडद्यावर दोन फोटो शेजारी शेजारी लावले. "सर, ही डिझेलची काजळी. बघा, बारक्या मण्यांच्या माळा, इकडं तिकडं लोंबतायत. जगात जिथं जिथं बघितलं तिथं अशीच दिसते. आणि ही आपल्या कोपीतली."

दुसऱ्या फोटोत माळ नव्हती. मणी एकमेकांना चिकटून घट्ट लाडू वळला होता.

"चार हजार फोटो निघाले, सर. सगळे असेच! असं कोणी बघितलेलं नाही. माझे साहेब तर खुर्चीतून उठले. असला लाडू फुफ्फुसात खोल जाऊन बसत असणार. आये, ही तुझ्या चुलीची काजळी हाय, कळलं का?"

बायनाबाईनं वाकून बघितलं. "बसलीया म्हणायची चांगली," ती म्हणाली.

मी संस्कृतीचं तोंडभरून कौतुक केलं. चौकटीतल्या त्या पानाकडंही दोनदा बघितलं, ते तिला तिकडून दिसत नव्हतं तरी. फोन संपला. बायनाबाई दारात चपला घालता घालता समाधानानं म्हणाली, "गुर्जी, तूप कामी आलं."

"कसलं तूप?"

"काजळात घातल्यालं. बाटल्या अंगदापाशी द्यायच्या आदी काडीभर घातलं. कोरडं काजळ कुनी धाडतंय व्हय लेकीला?"

"तिन्ही बाटल्यांत?"

"तिन्हीत. एकीला दिलं आन् दुसरीला न्हाई, असं कसं करू?"

ती निघून गेली. 

विज्ञानाच्या मास्तरला यापुढं सांगायला लागत नाही. तूप लागलं की लोंबणाऱ्या माळा गोळा होऊन बसणारच. काजळ डोळ्यात घालण्याजोगं होतं ते त्यामुळंच. संस्कृतीनं कोपीचा धूर बघितला नव्हता, तिनं तूप बघितलं होतं. आणि हे जगात फक्त मला कळलं होतं, कारण बायनाबाईला त्यात काही चुकलंय हेच ठाऊक नव्हतं.

लगेच फोन उचलायला पाहिजे होता. मी अकरा दिवस उचलला नाही.

आता तुम्ही म्हणाल, पोरीचं नुकसान होईल म्हणून थांबलो असेन. मीही स्वतःला तेच सांगत होतो. नोकरी जाईल बिचारीची. शिवाय धूर वाईट आहे हे तर खरंच ना, मग लाडू काय आणि माळ काय! आणि कोण शोधून काढणार? चार हजार कण फोटो देऊन फुटून गेले. उरलेली काजळी तिनं कशाकशात कालवून संपवली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण खरं कारण हे नव्हतं. तुपाचं सांगायचं तर मी तिथं नव्हतो हेही सांगावं लागणार होतं, आणि त्या अर्जावर माझी सही होती. मी घाबरलो होतो. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्यांतली पानं फाडलेल्या माणसाला स्वतःच्या एका सहीची भीती वाटत होती, आणि मला माझीच किळस यायला लागली होती.

जेवण जाईना. केसरबाईनं तीन दिवस बघितलं, चौथ्या दिवशी म्हणाली, "खाई त्याला खवखवे. काय खाल्लंय ते सांगा, नाहीतर दवाखान्यात चला." मी तिच्यावर खेकसलो. त्या दिवसापासून तिनं चौकटीवरची धूळ पुसायचं सोडलं.

बाराव्या दिवशी सकाळी मी बायनाबाईच्या घरी गेलो. कबूल करायला नाही, झापायला गेलो. खोटं कशाला बोलू? कोणावर तरी राग काढायचा होता, आणि तिच्यावर काढणं सोपं होतं.

ती अंगणात सुपात तूर निवडत होती. मी बसलोही नाही. "बायनाबाई, तुम्हाला सांगितलं होतं ना, यात काही घालू नका म्हणून? पोरीचं सगळं काम पाण्यात गेलं. तूप घालायला कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

सूप तिच्या मांडीवर तसंच राहिलं. "पान्यात गेलं?" तिनं विचारलं. "माझ्यानं?"

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. माळा, लाडू, परिषद, नोकरी. हे सगळं जानेवारीत पोत्यावर बसून सांगितलं असतं तर पाच मिनिटं लागली असती. ती ऐकत राहिली. मग तुरीत बोटं फिरवत म्हणाली,

"घालू नगा म्हनलं तवा मला वाटलं माती, राख, आसलं काय पडू द्यायचं न्हाई. तूप कुनी घान म्हनंल आसं वाटलंच न्हाई, गुर्जी. संस्कृती झाली ती कोपीतच झाली, पुसाच्या थंडीत. पाचवीला काजळ घालावं लागतंय. तूप न्हवतं. मुकादमाच्या बायकूकडं व्हतं, पर मागायला लाज वाटली. तव्याच्या बुडाची काजळी बोटानं काढली आन् कोरडीच घातली लेकराच्या डोळ्यात. लई रडली. डोळं लाल झालं, दोन दिस उघडलं न्हाईत. मी समजले, आंधळी केली मी माझ्या हातानं. अजून ते रडनं कानात हाय. आता तिनं काजळीच मागितली, आन् घरात तूप व्हतं. मंग कोरडी कशी धाडू?"

माझ्या तोंडातला राग कुठं गेला ते मला कळलं नाही. मी तिच्या ओट्यावर बसलो. गुडघा दुखत होता, तरी मांडी घालून बसलो.

"चूक तुमची नाही," मी म्हणालो. "मी तीन दिवस बसायला पाहिजे होतं. बसलो नाही, आणि बसलो अशी सही केली."

"मंग तिला सांगितलं का?"

"नाही."

"कावून?"

 मी खिशातून फोन काढला आणि तिच्यासमोरच लावला.

संस्कृती परिषदेची तयारी करत होती. मी प्रस्तावना न करता सांगितलं, "तुझ्या नमुन्यात तूप आहे. तिन्ही बाटल्यांत."  मग तिनं विचारलं ते शास्त्रज्ञानं विचारावं तसंच विचारलं. किती होतं? काडीभर. कधी घातलं? खरवडून झाल्यावर. गरम होतं का? पातळ केलेलं होतं.

"सर, तुम्ही तिथं असताना घातलं?"

"मी तिथं नव्हतो."

"तुमची सही आहे."

"आहे. खोटी आहे. आणि हे मला अकरा दिवसांपासून माहीत आहे."

ती मला काहीही बोलली नाही. सातवीतलं पान, प्रबंधातलं वाक्य, काहीही नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाली, "आयेकडं द्या."

बायनाबाईनं फोन दोन्ही हातांनी धरला आणि मला सांगितलं तेच लेकीला सांगितलं. मुकादमाची बायको, तव्याचं बूड, लाल डोळे. हे संस्कृतीला आजवर कोणी सांगितलेलं नव्हतं. पलीकडून पोरगी रडत असल्याचं मला ओट्याच्या या टोकाला ऐकू येत होतं. बायनाबाई नुसती म्हणत होती, "गप, गप बाई. चुकलं माझं. आता न्हाई घालनार."

घरी येऊन मी चौकट उतरवली.  केसरबाईला जेवताना सगळं सांगितलं, तेव्हा ताटात भाकरी वाढत ती एवढंच म्हणाली, "आता जेवण जाईल."

संस्कृतीनं परिषदेतलं भाषण मागं घेतलं. तिच्या साहेबांनी सुचवलं होतं म्हणे, की नमुन्यात काही दोष आढळला एवढंच मोघम लिही. तिनं तसं लिहिलं नाही. गोळा करताना देखरेख नव्हती आणि आईनं तूप घातलं होतं, असं सरळ लिहिलं. देखरेखीची जबाबदारी तिनं स्वतःवर घेतली, माझं नाव कुठंच घातलं नाही. ती पाच वर्षांची नोकरी दुसऱ्या कोणाला मिळाली. हिला एक वर्षाचा करार मिळाला, आणि भुयारातले दिवस मिळवायला पुन्हा रांग. मी दोन पत्रं लिहिली. पहिल्याचं उत्तर आलं नाही. दुसऱ्याचं उत्तर म्हणून ऑक्टोबरात काचपट्ट्या आल्या, बाटल्या आल्या आणि नवा अर्ज आला. सोबत चिठ्ठी होती. "सर, या खेपेला तीन दिवस."

या जानेवारीत मी तीन दिवस बसलो. मुक्काम अंगदच्या कोपीत. तीन दिवसांत माझा घसा बसला, डोळे सुजले, आणि मनाशी म्हणालो, ही बाई तीस हंगाम इथं बसली आहे. बायनाबाई पट्टी धरत होती, मी खरवडत होतो. या खेपेला तिला सगळं सांगितलं. भुयार, झटका, लेझीम. कणाच्या चिंधड्या होतात म्हटल्यावर ती म्हणाली, "पर फोटू निगंस्तवर दम धरतोय की बिचारा." गावात शंभर वेळा सांगून एकालाही इतकं नीट कळलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाटल्या भरल्या. मी अर्ज उघडला. नव्या अर्जात संस्कृतीनं मराठीत एक ओळ वाढवली होती, "तूप, तेल, हळद, कुंकू यातलं काहीही लावलेलं नाही." आणि सहीच्या जागा दोन होत्या. गोळा करणाऱ्याच्या रकान्यात मी बायनाबाईचं नाव लिहिलं, तिनं त्यापुढं सावकाश सही केली. माझी सही खाली, हजर असलेल्याच्या जागी.

झाकण लावायच्या आधी तिनं बाटली हातात घेऊन बघितली. "कोरडीच धाडायची?"

"कोरडीच."

तिनं झाकण घट्ट फिरवलं. तिन्ही बाटल्यांचं. मग उठून आत गेली, उतरंडीमागं हात घालून पितळेची एक इवलीशी डबी काढून आणली आणि माझ्यापुढं ठेवली. आत काळंभोर, चकचकीत काजळ होतं.

"ही निराळी हाय, गुर्जी. हिचा फोटू काडायचा न्हाई म्हनावं. डोळ्यात घालायचं."

अर्जाच्या शेवटी पार्सलात काय काय आहे ते लिहायचं होतं. मी लिहिलं, काजळीच्या बाटल्या तीन, कोरड्या. मग खाली आणखी एक ओळ लिहिली, काजळाची डबी एक, तुपातली, आईकडून. डोळ्यानं बघितलं होतं, म्हणून लिहिलं.